बद्द आणि खणखणीत

वाळूजच्या नव्या घरात मंजुषानं सासूला बजावलं होतं, "आत्याबाई, आज धूर झाला तर चूल उद्या उखडून टाकीन!" आशाबाईंना गॅसवरची भाकरी काही गोड लागत नव्हती. धुराडं त्यांनी सकाळीच झाडून घेतलं होतं, पण ओल्या लाकडानं घात केला असता. म्हणून माठ घेताना वाजवून बघतात, तशी त्यांनी बाभळीची लाकडं एकमेकांवर वाजवली. बद्द वाजली ती उन्हात टाकली, खणखणीत वाजली ती चुलीत सारली आणि खिडकी उघडली. जाळ धरला, धूर सरळ धुराड्यातून वर गेला. पहिली भाकरी संपवून मंजुषा म्हणाली, "राहू द्या चूल. पण उद्या लाकडं मीच वाजवणार."