ओळखा चटणी कुणाची

मी एक जुना डंख आहे. डंख म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. काहीजण मला डंक म्हणतात, काहीजण नुसतं कांडप म्हणतात. काहीही म्हणा, माझं काही बिघडत नाही. मित्रांनो, अशी हाक मारायची पद्धत आहे म्हणून मीही मारतो. खरं विचाराल तर ‘मित्र’ या शब्दावरचा माझा विश्वास आता उडाला आहे. आमच्या पेजवर माझे हजारो मित्र आहेत. माझ्या व्हिडिओखाली ते लाल बदाम टाकतात. त्यांतल्या एकानंही आजवर माझ्यात मूठभर मिरची टाकलेली नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा जन्म झाला. बिडाचं लोखंड वितळवून माझं उखळ ओतलं, पोलादाची दोन मुसळं घडवली, वर पट्टा आणि मोटर बसवली. गडहिंग्लजकडून पोटापाण्यासाठी शहरात आलेल्या भीमाप्पांनी मला विकत घेतलं आणि उत्तरेश्वर पेठेतल्या एका गाळ्यात उभं केलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बायकोला म्हणाले, “मल्लव्वा, ह्याला जप. ह्यो आपल्याला जेवू घालतोय.” भीमाप्पा पुढं देवाघरी गेले. मल्लव्वानं मला जपलं आणि मी त्यांच्या घराला जेवू घातलं. कुणाचे उपकार कुणावर राहिले नाहीत.

शिमगा झाला की माझे दिवस सुरू व्हायचे. दारात बायांची रांग लागायची. भाजलेली मिरची, तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, सगळं ताटात मांडून वर फडकं झाकलेलं असायचं. ते फडकं उगाच नसतं. आमच्या पेठेत चटणी म्हणजे घराची अब्रू. कुणाच्या चटणीत काय किती पडतं, हे सासूनं सुनेला सांगायचं आणि सुनेनं पोटात ठेवायचं. म्हणून गाळ्याचा एक नियम होता. ज्या घरची चटणी कुटायची, त्या घरची बाई माझ्यासमोर पाटावर बसणार. फडकं तीच काढणार, जिन्नस तीच घालणार. बाकीच्यांनी तोवर बाहेर फुटपाथवर थांबायचं. शेवटी उखळाच्या कडेला चिकटलेली चटणीसुद्धा खरवडून त्याच घरच्या डब्यात जायची. मल्लव्वा मोटर लावायची आणि तोंड भिंतीकडं करून बसायची. कुणाची चटणी तिनं कधी जिभेवर ठेवली नाही. बाया तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायच्या, आणि आमचा धंदा या एका विश्वासावर उभा होता.

आता एक गोष्ट सांगतो. चिमणाबाई आणि बाळाबाई या सख्ख्या जावा. एक थोरली, एक धाकटी. सासू धोंडुबाई वारल्या, वाटण्या झाल्या, अंगणात भिंत आली आणि दोघींचं बोलणं तुटलं. दोघींचाही दावा एकच होता, ‘सासूची खरी चटणी माझ्याकडं आहे.’ दोघी वेगवेगळ्या दिवशी यायच्या. तो दिवस मल्लव्वाच ठरवून द्यायची, म्हणजे गाठ पडायला नको. आणि मित्रांनो, दोघींची चटणी तंतोतंत एकच होती! एक जिन्नस असा होता की तो पेठेत तिसऱ्या कुणाच्या ताटात मी पाहिला नाही. धोंडुबाईंनी मरताना थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘तुलाच सांगते, धाकटीला सांगू नगंस.’ मग धाकटीलाही बाजूला घेऊन तेच सांगितलं होतं. म्हातारी बेरकी होती. मल्लव्वाला इतक्या वर्षांत वासावरून कळून चुकलं होतं. पण ती बोलली नाही. मीही बोललो नाही. तो जिन्नस कोणता, ते तुम्हीही मला विचारू नका.

मग काळ बदलला. दुकानादुकानात पाकिटातली चटणी लटकू लागली. रस्त्याच्या टोकाला अमरसिंहानं चारी बाजूंनी बंद असलेलं नवं यंत्र आणलं. वरून मिरची टाका, खालून पीठ घ्या. आमची रांग आखूडली. मल्लव्वाचा मुलगा महांतेश मोटरला तेल घालत नुसता उसासे टाकायचा. तेव्हा त्याची बायको विद्याश्री पुढं आली. पोरगी हुशार, कष्टाळू. गाळा वाचवायचा हा एकच ध्यास तिला होता, हे मी मान्य करतो. राग असला तरी खोटं बोलणार नाही.

तिनं फोनवर कसलातरी क्लास लावला आणि आमचं पेज काढलं. माझा आवाज, माझी मुसळं, उडणारी लाल धूळ, सगळ्याची चित्रफीत केली. मल्लव्वानंही इरकल नेसून दोनदा हसून दाखवलं. लोकांनी लिहिलं, ‘काय तो आवाज!’, ‘अस्सल कोल्हापूर!’ मलाही क्षणभर बरं वाटलं. पण माझं कौतुक वाढलं तशी रांग काही वाढली नाही. अमेरिकेतून बदाम येऊन काय उपयोग? तिथून कोण मिरची घेऊन येणार आहे?

“अत्ती,” विद्याश्री सासूला म्हणाली, “नुसत्या रील्सनं भागत न्हाय. स्पर्धा घ्याय पायजे. लोकास्नी कायतरी जिंकायचं असतंय.”

“घे की,” मल्लव्वा म्हणाली. “त्यात इचारायचं काय?”

तिथंच घात झाला. स्पर्धेचं नाव ठेवलं, ‘ओळखा चटणी कुणाची’. आमच्याकडं कुटलेल्या चटणीची एक वाटी दाखवायची. ती पेठेतल्या कुठल्या घरची, हे लोकांनी ओळखायचं. पेज फॉलो करायचं, पोस्ट शेअर करायची, तीन मैत्रिणींना टॅग करायचं. जिंकणाऱ्याला चटणीची बरणी. विद्याश्रीच्या क्लासमध्ये शिकवलं होतं म्हणे, की स्पर्धा स्थानिक ठेवावी आणि लोकांच्या अभिमानाला हात घालावा. अभिमानाला हात घातला खरा! पण आधी तिनं हात घातला तो लोकांच्या चटणीत.

चिमणाबाईंची चटणी कुटून झाली. त्या हात धुवायला मोरीपाशी गेल्या. विद्याश्रीनं डब्यातली एक मूठ वाटीत काढून घेतली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ताटाची चित्रफीत तिनं आधीच काढून ठेवली होती. फडकं सरकलेलं, जिन्नस उघडे, आणि मधोमध तो एक जिन्नस. मी मुसळं आपटून आपटून सांगत होतो. पण माझा आवाज ती पार्श्वसंगीत म्हणून वापरत होती.

मग लोक तुटून पडले. ‘खोबरं दिसंना, महाग झालं काय?’ ‘रंग बघा, ब्याडगी नावालाच हाय.’ ‘ही चटणी खाऊन पावणं परत यायचं न्हाईत.’ ज्यांना कळत होतं त्यांनी वाटीत दिसणारे त्या जिन्नसाचे कण ओळखले आणि एकजात लिहिलं, ‘ही बाळाबाईंची. लग्नात खाल्लीया आम्ही.’ चिमणाबाईंचं नाव कुणीच घेतलं नाही. एका पोरानं तेवढी पेठेतल्या सगळ्या बायांची नावं ओळीनं लिहिली होती, त्यात त्यांचंही होतं. बरणी त्याला मिळाली.

ज्या सकाळी हा निकाल ताटाच्या त्या चित्रफितीसकट पेजवर जाहीर झाला, त्याच सकाळी बाळाबाई माझ्यासमोर पाटावर बसल्या होत्या. घाणा अर्धा झाला होता. विद्याश्रीनं त्यांच्याही चटणीची मूठ पुढच्या स्पर्धेसाठी गुपचूप वाटीत काढून फळीवर पहिल्या वाटीशेजारी ठेवली होती. तेवढ्यात बाळाबाईंचा फोन वाजला. कुणीतरी त्यांना टॅग केलं होतं. त्यांनी ते ताट पाहिलं, तो जिन्नस पाहिला आणि खाली ‘चिमणाबाई’ हे नाव वाचलं. त्या पाटावरून ताडकन उठल्या.

“मल्लव्वा! माझ्या सासूचं गुपित त्या सटवीला कुणी दिलं? बोल की! तोंड शिवलंय व्हय तुझं?”

मल्लव्वानं मोटर बंद केली. ती काही बोलणार, तोच दारात चिमणाबाई उभ्या.

“मी इचारायला आलीया,” त्या ओरडल्या. “समदी पेठ म्हणतीया, माझी चटणी हिची हाय म्हणून. किती वर्सं चोरून देत हायस हिला? तुझ्या भरवशावर मी हितं फडकं काढलं, मल्लव्वा. तुझ्या भरवशावर!”

मल्लव्वाच्या ओठावर उत्तर होतं. एका वाक्यात ती सुटली असती. पण थोरलीला सांगितलं तर धाकटीचा विश्वास मोडतो आणि धाकटीला सांगितलं तर थोरलीचा. म्हणून ती हात जोडून उभी राहिली आणि दोघींच्या शिव्या तिनं निमूट खाल्ल्या. मला असा संताप आला की पट्टा तुटेपर्यंत फिरावंसं वाटलं.

विद्याश्रीला सासूची ती अवस्था बघवेना. तिनं फळीवरच्या दोन्ही वाट्या काढल्या आणि पुढं केल्या. “मावशी, अत्तींनी कायबी दिल्यालं न्हाय. ह्या बघा तुमच्या दोघींच्या वाट्या. पयल्यापास्नं दोन्हींत एकच जिन्नस पडतोय. तुमच्या सासूनंच दोघींस्नी सांगितलं असणार की!”

हे सगळं खरं होतं. पण तिच्या दुसऱ्या हातात फोन होता, आणि फोन सुरू होता. निकालाचा लाइव्ह कार्यक्रम चालला होता, तो बंद करायचं तिला सुचलंच नव्हतं. शेकडो माणसं बघत होती.

“यवा, फोन!” मल्लव्वा किंचाळली.

दोघी जावा त्या दोन वाट्यांकडं बघत राहिल्या. ज्या एका गोष्टीच्या जोरावर त्या आयुष्यभर एकमेकींना हिणवत आल्या होत्या, ती गोष्ट खोटी निघाली होती. आणि खोटी निघाली तीही जगासमोर. चिमणाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या धाकट्या जावेशी बोलल्या.

“बाळा, तुझा डबा उचल. हितं थांबू नगंस.”

“घाणा अर्धा ऱ्हायलाय, अक्का.”

“ऱ्हाऊ दे. अमरसिंहाकडं चल. त्याचं यंत्र बंद असतंय, त्यात कुणाचा हात जात न्हाय.”

अर्धवट कुटलेली चटणी उचलून नेण्याची वेळ माझ्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा आली. दोघींनी डबा दोन बाजूंनी धरला आणि त्या निघून गेल्या. भांडण मिटलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला तो झाला नाही. ती दोघींची मैत्री नव्हती. आमच्याविरुद्ध झालेली युती होती.

ती चित्रफीत वाऱ्यासारखी पसरली. ‘दोन जावांचं मनोमीलन’ म्हणून लोक डोळे पुसत होते. फॉलोअर वाढले. पेठेतल्या बाया मात्र आमच्या दारावरून ताट झाकून सरळ अमरसिंहाकडं जाऊ लागल्या. माझ्या मुसळांवर धूळ बसली. कधी कुणी परगावचं जोडपं यायचं, माझ्या उखळावर कोपर टेकून फोटो काढायचं आणि विचारायचं, “हे ज्यूसचं मशीन आहे का?”

विद्याश्री रडली, दोघींच्या घरी जाऊन पाया पडली. दारं उघडली नाहीत. मग तिनं पुन्हा नवा मार्ग काढला. लोक पुण्यामुंबईहून घरगुती चटणी मागत होते. पाकिटं भरून पाठवली तर गाळा पुन्हा उभा राहील, असं तिनं मांडलं. महांतेशनं मान डोलावली. आता फक्त घरच्या चटणीचं प्रमाण हवं होतं.

त्या दिवशी मल्लव्वानं स्वतःच्या घरचं ताट आणलं, वर फडकं झाकलेलं. पाटावर बसली. विद्याश्री शेजारी टेकली. फोन तिनं आठवणीनं आत ठेवला होता.

“अत्ती, आपल्या चटणीचं प्रमाण मला सांगा की. मी सून हाय तुमची.”

मल्लव्वानं फडक्यावर हात ठेवला आणि तिच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“ह्याच वर्षी सांगणार होते,” ती म्हणाली. “खरं आता तुला सांगणं म्हंजी गावाला सांगणं. जा, भाईर थांब.”

विद्याश्री उठली. बाहेर फुटपाथवर, जिथं परक्या घरच्या बाया थांबायच्या, तिथं जाऊन उभी राहिली. मल्लव्वानं फडकं काढलं. मी घरची चटणी कुटली आणि घरची सून दाराबाहेर उभी होती.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला रंग नको, तेलपाणी नको आणि तुमचे बदाम तर मुळीच नकोत. धंदा करा, जाहिरात करा, पाहिजे तेवढ्या स्पर्धा घ्या. पण दुसऱ्यानं विश्वासानं तुमच्यासमोर उघडलेलं ताट ही तुमच्या मालकीची वस्तू नव्हे. ते दाखवून गर्दी जमते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या गर्दीतलं एकही माणूस पाटावर येऊन बसत नाही, हेही मी रोज पाहतो आहे.