जमिनीलगतची फट

मी एक जुनी, पुरुषभर उंचीची देवदारी फळी आहे. मित्रांनो, धुमसत्या डोंगराखालच्या स्नानघरात कढत पाणी ढवळण्यात माझा जन्म गेला. झऱ्याचं पाणी अंग भाजेल इतकं गरम. थंड पाणी ओतलं तर त्याचा गुण जातो, म्हणून आमच्याकडे ते फळीनं ढवळूनच निववतात. माझा मालक तोकुजी मला रोज घासूनपुसून ठेवी. "बायकोपेक्षा हिचंच जास्त ऐकतो मी," असं तो पाहुण्यांना सांगे.

"ती उलट बोलत नाही ना, म्हणून!" त्याची बायको सायो टोला हाणायची.

झऱ्याबरोबर कुजक्या अंड्यांसारख्या वासाचा विषारी वायूही येई. तो जड, खाली साचणारा. म्हणून भिंतीच्या तळाशी एक आडवी फट कायम उघडी असे. बर्फ पडलं की तोकुजी आधी ती मोकळी करी, मग चहा घेई.

त्या हिवाळ्यात, गुडघ्यांसाठी दरवर्षी येणाऱ्या किनुआजी पाण्यात बसल्या होत्या.

"सायो, पाठीत नुसतं गार वारं घुसतंय गं!"

पाहुण्याला नाही म्हणणं सायोच्या जिवावर येई. "घटकाभरच हं, आजी," म्हणत तिनं मला आतून त्या फटीत घट्ट बसवलं आणि ती बाहेर कामाला गेली. मला ओरडता आलं असतं तर!

थोड्या वेळानं आजी खुशीत म्हणाल्या, "आज बघ, वास अजिबात येत नाही!"

बाहेर लाकडं फोडणाऱ्या तोकुजीनं ते ऐकलं आणि कुऱ्हाड टाकून तो धावला. वायू फार वाढला की आधी नाकच मरतं, हे त्याला ठाऊक होतं.

"सायो, फट कुणी बुजवली?"

आजी कलंडल्या होत्या. फट उघडल्याशिवाय आत शिरणारा कुणीच वाचणार नव्हता. "मी सांगेपर्यंत आत येऊ नकोस!" असं ओरडून तो आत शिरला, जमिनीलगत वाकला आणि त्यानं मला उपसून काढलं. वारा आत आला. तोकुजी उठला नाही.

वायू ओसरताच सायोनं दोघांना बाहेर ओढलं. आजी तेवढ्या वाचल्या.

लोक म्हणाले, ही फळी जाळून टाक. "तिचा काय दोष? हात माझे होते," सायो म्हणाली. आता तीच मला घेऊन पाणी ढवळते.

मित्रांनो, कुणाचं मन राखायला जीव राखणारी वाट बुजवू नका. पाहुणे कुडकुडले की सायो कमरेत वाकून म्हणते, "माफ करा, थंडी सोसावी लागेल." एवढंच वाक्य तिला त्या दिवशी बोलता आलं नाही.