सतरा नंबरची प्रत

जुलै लागला की त्सोन्का खिडकीपाशी बसून पुस्तकं खोडायची. सांस्कृतिक मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकाच्या तीस प्रती विभागाच्या ग्रंथालयात होत्या. हिरव्या कव्हरच्या, म्हणून सगळे त्याला 'हिरवं पुस्तक'च म्हणत. पोरं परीक्षा संपवून त्या परत आणून टाकत, आणि प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं असे. ते सगळं पुसून प्रत कोरी करायची, असा प्रोफेसर विदोलोव्हांचा हुकूम होता. पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. "नव्या पोराला पुस्तक नवंच भेटलं पाहिजे, त्सोन्का," असं ते म्हणाले होते, तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. या अठ्ठावीस उन्हाळ्यांत तिनं किती खोडरबर झिजवले असतील कोण जाणे. उजवं मनगट मात्र कायमचं दुखायला लागलं होतं, आणि येत्या शरदात ती निवृत्त होणार होती.

त्या मंगळवारी इस्क्रा आत आली. इस्क्रा आता विभागप्रमुख होती. कधी काळी याच टेबलापाशी उभी राहून ती उशिरा आणलेल्या पुस्तकांच्या सबबी सांगायची.

"मावशी, हे पहिल्या वर्षाचे अभिप्राय. चव्वेचाळीस आहेत. गुरुवारच्या बैठकीआधी टाईप करून हवेत."

"कशाबद्दलचे?"

"हिरव्या पुस्तकाबद्दलचे. ठेवायचं की काढायचं ते गुरुवारी ठरेल." मग जरा थांबून तिनं आवाज खाली आणला. "सरांना मी कळवलंय. ते येतील बहुतेक. तू जरा सांभाळून घे."

"मी काय सांभाळणार? मी खोडणारी बाई."

इस्क्रा हसली आणि गेली. त्सोन्कानं चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. 'पुस्तक जाड आहे आणि माझा उत्साह बारीक.' 'प्रस्तावना संपेपर्यंत माझी बस निघून गेली.' 'यातली माणसं सदान्कदा नाचतात, नाहीतर कुणाला तरी पुरतात. ती जेवतात कधी?' 'माझ्या आईनंही हेच वाचलं होतं. तिलाही काही आठवत नाही.' बाकीच्यांनी नुसतं 'जुनं' लिहिलं होतं. एकानं फक्त जांभई देणारा चेहरा काढला होता; तो कसा टाईप करायचा हे तिला कळेना.

दुपारी विदोलोव्ह आले. काठी टेकत तीन जिने चढल्यामुळे दारातच थांबले. दारावर त्यांच्या बायकोच्या, नेदाच्या, निधनाच्या सूचनेचा कागद अजून चिकटलेला होता. मार्चमध्ये लावलेला, आता फोटो उन्हानं फिकटलेला. त्याच्याकडे न बघता ते आत आले. कोटावर टाचणीनं लावलेली दुखवट्याची काळी फीत तिरकी झाली होती.

"काय म्हणतायत पोरं?" बसायच्या आतच त्यांनी विचारलं.

"अजून वाचायचेत, सर."

"त्सोन्का, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आणा इकडे."

तिनं गठ्ठा दिला. ते चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून एकेक वाचत गेले. जेवणाच्या अभिप्रायापाशी थोडे हसलेसुद्धा. चव्वेचाळीस वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून त्यांनी टेबलावर ठेवले.

"मला वाटलं होतं दहा-बारा तरी बाजूनं असतील. तेवढं असतं तर मी गुरुवारी बोललो असतो. हे पुस्तक गेलं की मग माझ्यापाशी काय उरतं सांगा. नेदा गेली. मुलगा टोरोंटोला. सकाळी उठून करायचं काय?" ते तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. "खरं सांगा. अठ्ठावीस वर्षांत एक तरी पोर या पुस्तकात रमलं का?"

त्सोन्काला इतका थकवा आला की क्षणभर तिला वाटलं, 'हो' म्हणावं आणि घरी जावं.

"पोरं या असल्या कागदांवर खरं लिहीत नाहीत, सर. खरं ती कडेला लिहीत. पेन्सिलीनं."

"मग ते कुठाय?"

"मी खोडलं. तुम्हीच सांगितलं होतं."

विदोलोव्हांनी हात पुढे करून टेबलावरचा खोडरबर उचलला, उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला. बाहेर कुणीतरी मोटारीचा हॉर्न वाजवत राहिलं. मग त्सोन्का उठली आणि मागच्या कपाटातून एक प्रत घेऊन आली. पाठीवर सतरा नंबर होता. तिनं एकशे बारावं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे एक राहिलं. मनगट दुखत होतं त्या दिवशी."

पान मृतांसाठी शिजवायच्या गव्हाचं होतं. छापलेला मजकूर त्यांचाच: गव्हाचा दाणा मातीत मरतो आणि पुन्हा उगवतो, म्हणून चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं घरातल्या स्त्रिया गहू शिजवून वाटतात. त्याच्या चारी बाजूंना पेन्सिल होती. पहिली ओळ अठ्ठ्याण्णव सालची, बारीक अक्षरात: 'आमच्या घरी बाबांनी शिजवले. आई इटलीत म्हाताऱ्या सांभाळते, तिला सुट्टी मिळाली नाही.' तिच्याखाली दुसरं अक्षर: 'आमच्याही. आई ग्रीसमध्ये.' मग तिसरं, जोरानं दाबून लिहिलेलं: 'प्रत्येक दाण्याचा अर्थ दिलाय. पाणी किती घालायचं ते कुठाय???'

"त्या वर्षीपासून," त्सोन्का म्हणाली, "ज्याच्या कपड्यावर काळी फीत दिसेल त्याला मी हीच प्रत द्यायची. बाकीच्यांना कुठलीही."

पुढे उत्तरं होती. 'आदल्या रात्री भिजव. नऊ पाण्यांनी धू, आजी मोजायची.' 'नऊ कशाला, चारात होतं. - एलेना गावाकडचा.' 'एलेनाकडचे आळशीच!' 'मंद आचेवर. दाणा फुटला की लगेच उतरव, नाहीतर खळ होते.' 'कापडावर रात्रभर पसर. ओले ठेवलेस तर साखर पितील.' 'अक्रोड भाजून घे. बिस्किटांचा चुरा घाल.' 'पिठीसाखर सगळ्यात शेवटी, दारातून निघताना. मी आधी घातली, चर्चमध्ये पोचेपर्यंत पाणी झालं. आजी, माफ कर.'

विदोलोव्ह पान फिरवून फिरवून, कडेचं उभं-आडवं सगळं वाचत होते. त्सोन्कानं कॉफीचं पाणी ठेवलं. ती कप घेऊन आली तेव्हाही ते तिथंच होते.

"एप्रिलमध्ये मीही शिजवले," ते म्हणाले. "नेदाच्या चाळिसाव्याला."

"मला सांगायचं होतंत. मी दिले असते करून."

"शेजारच्या बाईही हेच म्हणाल्या. मला वाटलं, मी यावर पुस्तक लिहिलंय. हे पान उघडून चुलीशी उभा राहिलो. माझंच पान. त्यात काही म्हणजे काही नाही, त्सोन्का! पाणी नाही, वेळ नाही. नुसता अर्थ." त्यांनी कॉफी ढवळली, साखर घालायची राहिली होती तरी. "भिंतीला कागद चिकटवायची खळ झाली. लोकांनी बिचाऱ्यांनी चमचा-चमचा खाल्ली. माझ्या आईला, वडिलांना, भावाला, सगळ्यांना नेदानंच गहू शिजवले. मी त्याच स्वयंपाकघरात टेबलाशी बसून टिपणं काढायचो. याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय, असं तिला विचारायचो. ती म्हणायची, जरा सरक, मला कापड पसरायचंय."

त्सोन्काला हसू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

"येत्या सप्टेंबरात सहा महिने होतील," ते म्हणाले.

"मी येते करायला."

"नको. तेवढं मलाच करायचंय."

गुरुवारी बैठक झाली. त्सोन्का इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसली होती. इस्क्रानं अभिप्राय वाचले, जांभईचा चेहरा तेवढा वगळला. मग ती अडखळत म्हणाली, "सर, आम्ही सगळे याच पुस्तकावर शिकलो, त्यामुळे..."

"त्यामुळे जांभया आवरायची सवय झाली," विदोलोव्ह म्हणाले. "काढून टाका, इस्क्रा. पोरं बरोबर म्हणतायत. माझ्या पुस्तकात कुणी जेवत नाही."

सगळे टेबलाकडे बघू लागले. हात वर झाले, त्यात त्यांचाही होता. त्सोन्कानं लिहून घेतलं: एकमतानं. लिहिताना तिला आपल्या एकोणतीस स्वच्छ प्रती आठवल्या. त्या आता लगद्याला जातील. इतकी वर्षं त्या खोडण्यात गेली होती.

बैठकीनंतर ते जिना चढून पुन्हा ग्रंथालयात आले.

"सतरा नंबर मला द्या. घरी न्यायची आहे."

"रद्द झालेली पुस्तकं वाचकाला देता येत नाहीत, सर. समितीची सही लागते."

"कधीपर्यंत मिळेल सही?"

"मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही." तिनं नोंदवही ओढली, बुधवारची तारीख घातली आणि त्यांचं नाव लिहिलं. "काल तुम्ही नेलीत. काल ती रद्द नव्हती."

विदोलोव्हांनी सही केली. मग खुर्ची ओढून बसले, पान एकशे बारा उघडलं आणि तिची पेन्सिल मागितली. 'घरातल्या स्त्रिया' हे शब्द त्यांनी सावकाश खोडून वर लिहिलं: 'घरातलं कुणीही'. पेन्सिल परत देता देता ते थांबले. सगळी कडा भरलेली होती. अगदी तळाला, पानाच्या आकड्याशेजारी बोटभर जागा सापडली. तिथं त्यांनी एक प्रश्न लिहिला आणि पुस्तक तिच्याकडे वळवलं.

'झाकण ठेवायचं की नाही?'

अठ्ठावीस वर्षांत त्सोन्कानं एकाही पुस्तकात एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं खोडरबर बाजूला सरकवला, पेन्सिल घेतली, आणि जागा उरली नव्हती म्हणून आकड्यावरच लिहिलं: 'ठेवू नका. उतू जातं.'