फक्कीच्या भिंती

आमच्या मालकांचा घरं बांधून द्यायचा धंदा. त्यात एक नियम आहे. रिकाम्या प्लॉटवर घराची आखणी करून फक्की मारली, की त्या क्षणापासून ती पांढरी रेघ म्हणजे भिंत. ती ओलांडायची नाही. एका खोलीतून दुसरीत जायचं तर दारासाठी जिथे रेघ सोडली आहे तिथूनच जायचं, मग डोक्यावर घमेलं असो की मागे लागलेलं गिऱ्हाईक. मुकादमाची पाण्याची बाटली एकदा रेघेपलीकडे हाताच्या अंतरावर राहिली, तर तो भर उन्हात आख्ख्या घराला वळसा घालून ती आणायला गेला. कुणी हसलं नाही. भिंतीतून हात घालून बाटली काढता येत नाही, एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

याला वेडेपणा म्हणणाऱ्यांनी आमची एस्टिमेटं पाहावीत. मालक या आखलेल्या घरात रीतसर दारातून शिरतात, खोलीखोलीत फिरतात आणि दिसेल ते मोठ्यानं सांगत जातात. इथे खिडकी, तिला जाळी. इथे ओटा, मागे टाइल. आणि तिथे खरंच काही असल्यासारखे ओट्याला वळसा घालून पुढे सरकतात. त्यांच्यामागून त्यांची मुलगी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ते टिपून घेते आणि राहिलेलं टोकते. मालकांना खुंटीसुद्धा आठवते, पण दार हटकून एखादं राहतं. आपण त्यातून आलो म्हणजे ते लागलंच, असं त्यांना वाटत असावं. अशा वेळी ताई एवढंच विचारते, "बाबा, आत कसे आलात?" मालक खाकरतात आणि म्हणतात, "तुला तपासत होतो." कित्येक घरं अशीच उभी राहिली आहेत, आणि दाराविना एकही नाही.

मग जावईबापूंची बदली झाली. तोवर ते आणि ताई दोन गल्ल्या सोडून राहत होते, आता थेट दुसऱ्या टोकाचं शहर. ताईनं रडारड केली नाही, ती बापाच्याच मातीची. तिनं सांगितलं की हल्ली एस्टिमेट आणि साइटचं काम दोन्ही सांभाळणारी क्लाउडवरची सॉफ्टवेअरं मिळतात. बाबा साइटवरून बोलतील, मी तिथून बघेन, दोघांसमोर पान एकच. तसं जमलं तर माझं काम माझ्याकडे राहील, नाही जमलं तर माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसवा. हे शेवटचं ती हसत म्हणाली, पण हात खुर्चीच्या पाठीवर होता.

मालक म्हणाले, बघू. निवड मात्र मी करणार.

मी या ऑफिसचा हिशेबनीस. माणूस कोणत्या बाजूला काय मांडतो ते बघायची सवय जडलेली. मालकांच्या जमेच्या बाजूला काहीच येईना, नुसत्या हरकती. आपली घरं दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला ठेवायची, असं ते विचारू लागले. आणि हे ते विचारत होते आमच्या त्या कॉम्प्युटरशेजारी उभं राहून, जो सुरू करताना दम्याच्या आजोबांसारखा धापा टाकतो आणि ज्याच्या पोटात आमची सगळी एस्टिमेटं आहेत. मालकीणबाईंनी डब्याचं झाकण लावता लावता मला हळूच सांगितलं, "ते सॉफ्टवेअर नाही निवडत. पोरीला अडवतायत. तोंडानं म्हणता येत नाही ना."

पहिल्या कंपनीचा माणूस चकचकीत बूट घालून आला. त्याच्या पडद्यावर नकाशा टाकला की भिंतींची मापं आपोआप निघत. ताई खूश. मालक म्हणाले, चला, प्लॉटवर दाखवा. तिथे तो बोलता बोलता बैठकीच्या खोलीतून सरळ न्हाणीघरात गेला. मध्ये दार नव्हतं. मालकांनी परतीच्या वाटेवर निकाल दिला, "भिंतीतून आरपार गेला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भुतं राहतील, माणसं नाही."

दुसऱ्या कंपनीचं एस्टिमेट एका जागी आणि कामाचं वेळापत्रक दुसऱ्या जागी. गिऱ्हाइकानं खिडकी वाढवली की दोन्हीकडे वेगवेगळं लिहायचं. ते ताईनंच नाकारलं. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. नकाराचा चहा आम्हीही आनंदानं प्यायलो, ताई सोडून.

तिसरीकडून एक बाई आल्या. पूर्वी साइट इंजिनीअर होत्या म्हणे. प्लॉटवर रेघेपाशी येऊन थांबल्या आणि त्यांनी विचारलं, मुख्य दार कुणीकडून? मालकांचा चेहरा असा झाला, जणू पाहुण्यानं स्वतःच ताट धुऊन ठेवलंय आणि आता नावं ठेवायला जागा उरली नाही. तरी त्यांनी धीर सोडला नाही. साइटवर नेटवर्क गेलं तर? बाईंनी फोनचं नेट बंद केलं, विटांची नोंद केली, नेट सुरू केलं. ताईच्या पडद्यावर विटा आल्या. मुकादमानं आमचे दर पाहिले तर? त्याला काम दिसेल, दर दिसणार नाहीत. उद्या तुमचं आमचं बिनसलं तर? सगळी एस्टिमेटं फाइलमध्ये उतरवून घेता येतील, हे बघा अशी. प्रत्येक उत्तरागणिक मालक थोडे थोडे खचत होते.

शेवटी त्यांनी मनातलं काढलं. "मी काय विसरलो ते याला कळणार का?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "नाही. ते तुमच्या माणसालाच कळणार."

"बघा," मालक म्हणाले, पण ताईकडे बघून. ताईनं महिन्याभराची फुकटची चाचणी सुरू करून घेतली आणि घरी जाऊन सामान बांधलं.

ती गेल्यावर आलेलं पहिलं काम एका शिक्षक जोडप्याच्या घराचं. आखणी झाली, फक्की पडली. मालक पुढे, फोन घेऊन मी मागे, शिक्षक नवरा-बायको रस्त्याकडेला उभे. ते सांगत होते, मी त्यात लिहीत होतो, पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता. मयताला आल्यासारखे घरभर फिरत होते. व्हरांडा झाला, बैठक झाली, स्वयंपाकघरातला ओटा झाला. मग कोठीची खोली. "तीन फळ्या," ते म्हणाले, "वर झरोका." मी लिहिलं. पुढच्या खोलीकडे त्यांनी पाय उचलला, तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. फळ्यांच्या ओळीशेजारी एक पिवळा शेरा आला होता. तो मी मोठ्यानं वाचला.

"बाबा, कोठीत कसे शिरलात?"

मालकांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्यामागे, जिथे ताई उभी राहायची तिथे. मग पाय खाली ठेवला आणि घसा चांगला खाकरून म्हणाले, "लिही तिला. तपासत होतो."

मी लिहिलं. लगेच उत्तर आलं, "माहितीये."

त्यावर मालक जे हसले, ते ऐकून रस्त्यापलीकडचा न्हावी हातातली कात्री घेऊन दारात आला. मग कुणी सांगितलेलं नसताना ते फक्कीतल्या मोकळ्या जागेतून स्वयंपाकघरात परत गेले, वळले, आणि या खेपेला एक हात पुढे करून, कडी काढल्यासारखं करून, कोठीत आले. "दार. एकफळी. उजवीकडे उघडणारं." उरलेलं घर त्यांनी अशा थाटात सांगितलं की शिक्षकांना वाटलं, गच्चीवर आणखी एक मजला चढतोय.

ऑफिसात येऊन त्यांनी चाचणी संपायची वाटही पाहिली नाही. घेऊन टाका म्हणाले. मालकीणबाईंनी स्वतःसाठीही एक पासवर्ड मागून घेतला, पोरगी वेळेवर जेवते का ते विचारायला. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नाही, हे त्यांना सांगायची हिंमत मी केली नाही. त्या आता जिन्याच्या ओळीशेजारी विचारतात. ताई तिथेच उत्तर देते.

एक नोंद मात्र मला करायला हवी. तेव्हापासून मालकांचं विसरणं वाढलंय. आधी एखादं दार राहायचं, आता दोन राहतात, कधी खिडकीही. वयाचं म्हणावं तर विजेची बटणं एकूण एक आठवतात. सांगून झालं की ते थांबतात, आणि माझ्या हातातल्या फोनकडे चोरून बघतात. परवा तर त्यांनी हद्द केली, मुख्य दारच गाळलं. व्हरांड्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळं घर सांगून टाकलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

फोन थरथरला.

"बाबा, तुम्ही अजून रस्त्यावरच आहात. आत या."