जाळीच्या मागे

लुसिया मेंडोन्साचं लग्न आठवड्यावर आलं होतं. दिएमताईने दुपारीच दुकानाच्या दारावरची पाटी ‘बंद’कडे उलटवली आणि सगळ्या खुर्च्या त्या लग्नघरासाठी राखून ठेवल्या. नवरी, तिच्या चार करवल्या आणि नवरीची आई ओडेट. हा ताईचा आहेर होता. कुणालाही पर्स उघडू द्यायची नाही, असं तिने मला आधीच बजावलं होतं.

सॅक्रामेंटोच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात एक तर बदामाच्या बागा, नाहीतर गाईंचे गोठे. गोठेवाले बहुतेक पोर्तुगीज. ताईने नखांचं दुकान थाटलं तेव्हा सुरुवातीला आम्ही दोघी मावसबहिणी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसायचो. व्हिएतनामी बायका, इंग्रजी मोडकंतोडकं, कोण येणार? आली ती ओडेट. गोठ्यातले रबरी बूट तसेच घालून आली आणि म्हणाली, या पायांचं काही होत असेल तर बघ. मग तिने चर्चमधल्या निम्म्या बायका आमच्याकडे आणल्या. ताईला मोटार चालवायला ओडेटनेच शिकवलं. ओडेटचा नवरा गेला तेव्हा तिच्या घरी रोज तांदळाची पेज करून नेणारी ताईच होती. लुसिया आमच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. तेव्हा हे लग्न आमच्या घरचंच.

त्या दुपारी सगळ्याजणी पोटऱ्यांवरून वस्तरा फिरवून तुळतुळीत होऊन आल्या होत्या. खुर्च्यांच्या पायथ्याशी टब होते. त्यात कोमट पाणी भरायचं आणि बटण दाबायचं, की पाणी एका जाळीतून आत ओढलं जायचं आणि दुसऱ्या बाजूने फेसाळत बाहेर यायचं. पाय सोडले की बायकांचे डोळेच मिटायचे. एक करवली वाटेत गाडी बंद पडल्यामुळे उशिरा पोचली. तिला पाय भिजवायला वेळ उरला नाही, म्हणून मी तिची नुसती नखं रंगवली. ती जरा हिरमुसली. बाकीच्यांनी तिची थट्टा केली.

लग्न थाटात झालं. आम्ही दोघी नाचलोसुद्धा.

महिना उलटला असेल. ओडेट नखं करून घ्यायला आली आणि बसल्या बसल्या तिने पँटचा पाय वर सरकवला. नडगीवर वाटाण्याएवढी लाल गाठ होती. काहीतरी चावलं असेल, असं ती म्हणाली. ताई हसली. गोठा म्हटला की माश्या आल्याच, तुझ्या गाईंना माश्या जरा आवरायला सांग, म्हणाली. ओडेटही हसली.

पण मग शाळेच्या ग्रंथपाल बाई आल्या, त्यांच्या पोटरीवर तशीच गाठ. त्यांचा गोठ्याशी काही संबंध नव्हता. पुढे बँकेतली मुलगी आली, तिच्या तर दोन्ही पायांवर. आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा नंतर दिसतो, पाय आधी. मी नीट बघायला लागले. गाठी घोट्याच्या वर सुरू व्हायच्या आणि गुडघ्याच्या खाली संपायच्या. मांडीवर एकही नाही, हातावर नाही. जिथपर्यंत आमचं पाणी चढायचं तिथपर्यंतच त्या चढल्या होत्या.

संध्याकाळी टब पुसताना मी ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, की मी बारा गावच्या न्हाणीघरांत पाणी भरलंय, बोटीतून आल्यावर निर्वासितांच्या छावणीत राहिलेय, घाण म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. आणि ते खरंच होतं. ताईइतकी स्वच्छता मी कुठे पाहिली नाही. तिच्या टबात तोंड दिसायचं. प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की ती टब घासायची, ब्लीच शिंपडायची, पुसायची. माझं बोलणं तिला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने सगळी मलमं आणि साबण कचऱ्यात टाकले, नवे आणले. ब्लीच दुप्पट केलं. अनवाणी उभी राहून घासत असल्यामुळे ते तिच्या पायांवर उडायचं. तिच्या घोट्यांची कातडी कोरडी पडून भेगाळली. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

गाठी मात्र थांबल्या नाहीत. त्या आधी लाल, मग जांभळ्या व्हायच्या. वरची कातडी कागदासारखी पातळ व्हायची आणि एक दिवस फुटायची. ओडेटच्या डॉक्टरांनी आधी कोळी चावल्याचं सांगितलं, मग गोळ्या दिल्या, मग वेगळ्या गोळ्या दिल्या. कशाने काही फरक नाही. ते फारसं दुखायचंही नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, असं ओडेट म्हणायची. हे असं मुकाट्याने वाढतं, त्याचीच भीती वाटते. मधुचंद्राहून परतलेली लुसिया आमच्या खोऱ्यातल्या त्या उन्हाळ्यात लांब पँट घालून हिंडत होती. दुकानात ती आलीच नाही.

करवल्या लग्नानंतर आपापल्या गावी पांगल्या होत्या. एक सॅक्रामेंटोला, एक पार ओरेगनमध्ये. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीलाच झालंय. प्रत्येकीच्या डॉक्टरने वेगळं नाव सांगितलं होतं. लुसियाने फोन केले तेव्हा ते उघडकीला आलं. तिघींना गाठी होत्या. चौथी ठणठणीत होती. ती तीच, जिच्या पायांना पाणी लागलं नव्हतं.

त्यानंतर ओडेट आली. दुकानात तीन-चार बायका बसल्या होत्या. ती बसली नाही. तिच्या दोन्ही पायांना पट्ट्या होत्या. तिने करवल्यांची हकिगत हळू आवाजात सांगितली आणि शेवटी म्हणाली, “दिएम, हे तुझ्याकडूनच आलंय.”

ताईने हातातला ब्रश खाली ठेवला. “माझ्या दुकानात एक डाग दाखव.”

“मी डाग शोधायला आले नाहीये. मी तुला सांगायला आलेय. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी.”

“दुसरे काय सांगतात ते ऐकलंय मी. की आम्ही हा रोग बोटीतून आणला.”

“मी तसं म्हटलं का कधी?”

ताई मधल्या खुर्चीत जाऊन बसली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मला म्हणाली, “क्वेन, पाणी भर.”

मी म्हटलं, ताई, नको. ती पुन्हा तेच म्हणाली. सगळ्या बायका बघत होत्या. मी नळ सोडला. पाणी वर चढत गेलं, तिच्या भेगाळलेल्या घोट्यांवरून, नडग्यांवरून. तिने बटण दाबलं. फेस आला. ओडेट म्हणाली, दिएम, ऊठ, हे कुणासाठी करतेस? ताई तिच्याकडे बघत तशीच बसून राहिली. शेवटी ओडेटच निघून गेली. बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या. पाणी गार होईपर्यंत ताई खुर्चीतून हलली नाही.

पुढचे काही दिवस दुकान उघडं होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. बाजारात बायका आम्हाला बघून रांग बदलायच्या. कुणीतरी उठवलं होतं की हा क्षय आहे.

मग जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून आनी हागोपियन नावाच्या बाई आल्या. फ्रेझ्नोकडच्या आर्मेनियन, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. लुसियाच्या गाठीचा एक तुकडा तिच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेत पाठवला होता. नेहमीचे जंतू एक-दोन दिवसांत उगवतात. तोवर काही दिसलं नाही की जंतू वाढवायची बशी टाकून देतात. या वेळी त्यांनी ती ठेवायला सांगितली होती, आणि उशिरा का होईना, तिच्यात काहीतरी उगवलं होतं. क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, पण फार लांबचा, असं हागोपियनबाई म्हणाल्या. हा माणसाकडून माणसाला होत नाही. खोकल्यातून नाही, शिवल्याने नाही. मातीत आणि पाण्यात तो असतोच.

“कुठल्या पाण्यात?” ताईने विचारलं.

“तुमच्या नळाच्या. माझ्या नळाच्याही. आपण रोज पितो त्याला.”

ताईचे खांदे जरासे सैल झालेले मी पाहिले. मग बाईंनी टबात हात घालून त्या जाळीवर बोट ठेवलं आणि ही कधी काढता, असं विचारलं.

“जाळी निघते?” ताई म्हणाली.

दुकानातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. खुर्च्या विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. आम्ही तिला बाहेरून रोज घासत होतो, इतकी की तिची कडा झिजली होती. बाईंनी पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, हातमोजे चढवले आणि एक स्क्रू फिरवला.

आधी वास आला. तुंबलेल्या मोरीचा असतो तसा, पण त्यात साबणाचा गोड वास मिसळलेला. मग त्यांनी बोटांनी ते बाहेर ओढलं. केसांचा पुंजका, मेलेल्या उंदराएवढा, त्यात पायांची निघालेली कातडी लगद्यासारखी अडकलेली, आणि सगळ्यावर बुळबुळीत पिवळट साय. ओढत गेलं तसं ते येतच राहिलं. दुसऱ्या टबात तेच. तिसऱ्यातही तेच. आणि वर पांढराशुभ्र, चकचकीत टब.

बाईंनी काही सुनावलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं, की नळातून येतात ते जंतू मोजके आणि निरुपद्रवी असतात. पण इथे त्यांना ऊब मिळाली, खायला कातडी मिळाली, चिकटून बसायला केस मिळाले. त्यांनी स्वतःभोवती ती साय धरली. ब्लीच तिच्यावरून वाहून गेलं, आत पोचलंच नाही. तुम्ही नवं पाणी भरता, बटण दाबता, पाणी या घरातून फिरून येतं आणि पायांवर आदळतं. धडधाकट कातडीतून ते आत शिरत नाहीत. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून शिरतात. “ज्या बायका नटूनथटून येतात,” त्या म्हणाल्या, “त्यांनाच.”

ताईने विचारलं, की आत शिरल्यापासून गाठ येईपर्यंत किती वेळ लागतो.

काही आठवडे, बाई म्हणाल्या. कधीकधी काही महिने.

ताई खाली बघत राहिली. ती त्या पुंजक्याकडे बघतेय असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, ती आपल्या घोट्यांकडे बघत होती.

दुकान त्याच दिवशी बंद झालं. खात्याची माणसं गिऱ्हाइकांना कळवणार होतीच, पण ताई थांबली नाही. ती घरोघरी गेली, मी सोबत. दार उघडलं की ती एकच सांगायची: माझ्या टबातून तुमच्या पायांत काहीतरी गेलं असेल, आज दिसणार नाही, पण गाठ आली तर डॉक्टरांना जंतूचं हे नाव सांगा. नाव तिने पाठ केलं होतं. काहींनी कॉफी विचारली. काहींनी आमच्या तोंडावर दार लावलं. एका बाईने आपल्या मुलीला आमच्या देखत आत ओढलं. सगळ्यात वाईट वाटायचं त्यांचं, ज्यांचे पाय अजून स्वच्छ होते. त्या ऐकता ऐकता वाकायच्या आणि नडग्यांवरून हात फिरवायला लागायच्या.

ओडेटच्या घरी ताई शेवटी गेली. लुसिया स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आली नाही. ओडेट दारात उभी राहिली. ताईने जाळीचं सगळं सांगितलं, काही न लपवता. ओडेटने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तू? तुझे पाय?”

“अजून काही नाही.”

“मूर्ख आहेस तू,” ओडेट म्हणाली, आणि आत निघून गेली.

बदाम उतरवायचे दिवस आले, सगळीकडे धूळ उडू लागली. ताई रोज सकाळी खिडकीशी बसून पाय उजेडात धरायची. मला दिसू नये म्हणून ती माझ्याआधी उठायची, पण मला कळायचं. मग एका सकाळी तिने मला हाक मारली. आवाज अगदी साधा होता. उजव्या घोट्याच्या वर, भेगांच्या कडेला, लाल गाठ आली होती. ती रडली नाही. बोटाने दाबून पाहिलं, दुखत नाही म्हणाली, आणि चहा ठेवला.

औषध महिनोन्‌महिने घ्यायचं होतं, दोन प्रकारच्या गोळ्या, उन्हात फिरायचं नाही, पोट सतत ढवळलेलं. दवाखान्यात तिला ओडेटच्याच दिवशी बोलावलं होतं. पहिल्यांदा दोघी दोन टोकांना बसल्या. नंतरच्या खेपेला ओडेट येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी गाडीत होते. पुढे ओडेट ताईला न्यायला घरी येऊ लागली, पण दुकानात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. लुसियाच्या गाठी बऱ्या झाल्या, तिथे जांभळे डाग राहिले, नाण्याएवढे. ती ताईशी आजवर बोललेली नाही. ताई म्हणते, मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

हागोपियनबाईंनी खोऱ्यातली बाकीची दुकानंही तपासली, आमच्यासारख्यांची आणि गोऱ्यांचीही. जिथे जिथे जाळी उघडली तिथे तिथे कमीजास्त तेच निघालं. आता रोज जाळ्या काढून घासाव्या लागतात आणि औषधाचं पाणी यंत्र चालू ठेवून आतून फिरवावं लागतं. ताईने मात्र त्या खुर्च्या भंगारात दिल्या. साधी पसरट भांडी आणली, ज्यांना नळी नाही, जाळी नाही, मागची बाजू नाही. सकाळी पायांवरून वस्तरा फिरवून कुणी आलं की ती पाण्याला हात लावू देत नाही, मग बाई रागावो की उठून जावो.

थोडी गिऱ्हाइकं परत आली. पण थंडी पडली तरी फोन येत राहिले. जुन्या गिऱ्हाइकांचे, कधी आम्ही नावही न ऐकलेल्या गावांमधून, दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीत बसलेल्या, पण ताईबद्दल ऐकलेल्या बायकांचे. घंटा वाजली की ताई रंगाची बाटली बंद करायची, हात पुसायची आणि फोन उचलायची. पलीकडची बाई थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलायची. ताई वाट बघायची आणि मग विचारायची, “कुठे आलीय? गुडघ्याच्या खाली?”