सगळे धोके सांगितले, माझा सोडून

मित्रांनो, मी ऑपरेशन थिएटरची एक जुनी ट्रॉली आहे. चाकं चार, त्यांतली तीन शहाणी आणि एक उनाड.

नवी होते तेव्हा अशी चकाकत असे, की डॉक्टर माझ्यात बघून भांग पाडायचे. एकदा एका पैलवानाला नेलं. तो इतका जड होता की वळणावर मी नाही, दवाखानाच वळला! खोटं वाटतं? पैलवानाला विचारा. "अशी गुणी ट्रॉली दुसरी नाही," असं सगळे म्हणत आणि मी ऐकून फुगत असे. पण यापुढचं मला फुगवून सांगता येत नाही.

माझ्या उनाड चाकाचा ब्रेक निकामी झाला. वॉर्डबॉयमामांनी तोडगा काढला. पेशंटला टेबलावर सरकवताना ते त्या चाकाला पाय लावून उभे राहत. "मामांचा पाय हाच ब्रेक!" म्हणून सगळे हसत. हसण्यावारी गेलं ते गेलंच. वर कुणी कळवलं नाही. मीही साधी करकरले नाही.

एके दिवशी माझ्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी झोपल्या होत्या. पित्ताशयातले खडे काढायचे होते. डॉक्टरबाईंनी भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सगळे धोके नीट समजावले.

"आणि हाताला काही नाही ना होणार?" मावशींनी विचारलं. "माझं हातावर पोट आहे हो."

"अहो, ऑपरेशन पोटाचं. हाताला काय धाड भरणार आहे?" डॉक्टरबाई हसल्या. मावशींनी विश्वासाने सही केली.

सगळे धोके सांगितले, माझा सोडून.

त्या दिवशी मामा रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या ब्रदरला पायाचं गुपित कुणी सांगितलंच नव्हतं. गुंगीचं इंजेक्शन घेतलेल्या मावशींना टेबलाकडे सरकवलं, तशी मी उलट्या दिशेने सरकले आणि मधल्या फटीतून मावशी खाली. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन पुढे ढकललं. खडे पोटातच राहिले आणि हात प्लास्टरात गेला.

वॉर्डात मला त्यांच्या खाटेशेजारीच लावून ठेवलं होतं. मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "गुंगीत हलल्या, असं सांगू या. थोड्या हलल्याच की!"

डॉक्टरबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

मावशींनी डोळे उघडले. हाताकडे पाहिलं. "पडले का मी? वळवळले असेन. झोपेत लाथा झाडायची खोडच आहे माझी. माफ करा हं डॉक्टर, तुमचा दिवस फुकट घालवला."

मित्रांनो, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ती माफी मात्र माझ्या लोखंडाला गंजासारखी लागली.

डॉक्टरबाई स्टूल ओढून जवळ बसल्या. "मावशी, तुम्ही नाही हललात. ट्रॉली सरकली. तिचा ब्रेक लागत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. मलाही."

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

मावशी म्हणाल्या, "सकाळी विचारलं तेव्हा एवढंच सांगायचं होतं. मी चालत गेले असते की टेबलापर्यंत."



डॉक्टरबाईंनी झाल्या घटनेचा अहवाल लिहायला घेतला, तेव्हा रजेवरून आलेले मामा दारात घुटमळले. "बाई, माझं नाव येणार का त्यात?"

"तुमच्या पायाचं येईल, मामा. पण हसणाऱ्यांत पहिलं नाव माझं आहे."

अहवाल वर गेला आणि मला नवा ब्रेक बसला. मावशींचं मनगट मात्र अजून पुरतं वळत नाही. कात्री धरली की ठणकतं. खड्यांच्या ऑपरेशनला त्या पुन्हा आल्या तेव्हा डॉक्टरबाईंनी माझा ब्रेक पायाने दाबून दाखवला. खट्! मावशींनी स्वतःही दाबून पाहिला. खट्!

"छान लागतो," त्या म्हणाल्या. आणि डॉक्टरबाईंचा हात धरून टेबलापर्यंत चालत गेल्या.

मी त्यांच्यामागून रिकामीच गेले.

म्हणून सांगते मित्रांनो, डगमगत्या चाकाला नुसता पाय लावून हसत उभे राहू नका. मोठ्याने सांगा. आणि ज्याला त्यावर झोपायचं आहे, त्याला आधी सांगा. पाय काय, कधीतरी रजेवर जातोच.