अकरावं रसायन

वर्षालीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मला बोलणं सुचत नाही, हे ठाऊक असल्यानं तिनं अमरावतीहून मुद्दाम पत्र लिहिलं होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता मलेरियावर औषध शोधते. पूर्वी एकेक रसायन बनवायला महिना जायचा. ती मात्र दहा रसायनं दुसऱ्या दहांशी जोडून आठवड्यात शंभर नवी बनवते. "दहा भाज्या, दहा फोडण्या," असं मी माझ्या पत्नीला, माणिकबाईला, समजावलं होतं.

एकदम तपासता यावीत म्हणून एका बाटलीत तिनं त्यांतली दहा नवी रसायनं एकत्र ठेवली. त्या मिश्रणानं मलेरियाचे जंतू मेले. मग तीच दहा वेगवेगळी बनवून तपासली, तर एकातही गुण नाही. महिनाअखेर पैसे देणाऱ्या समितीला कारण सांगता आलं नाही, तर काम बंद. तुम्ही काय केलं असतं, असं तिनं विचारलं होतं.

मी जुन्या पुस्तकांतला माणूस. माझं उत्तर 'कदाचित'च्या पुढे सरकेना.

परवा तिचे वडील पंजाबराव टेम्पोनं इथल्या जठारपेठेत फुलं पोचवून आमच्याकडे टेकले.

"गुरुजी, पोरगी वाट पाहून राहिली. शाई संपली का तुमची?"

"मला खात्री वाटत नाही, पंजाबराव."

"तुमाले कवा वाटली? पोळ्याले घरी आली, तं पुरणपोळी गोड लागे ना तिले. तिकडं दोन दिवस लाइट गेली, फ्रीज बंद. 'माह्या बाटल्या गरम झाल्या,' हेच तिचं दळण."

मी खुर्चीतून उठलो. "त्या बाटल्या तपासल्या कधी?"

"पोळा झाल्यावर. काहून?"

म्हणजे मिश्रण दोन दिवस उकाड्यात होतं, आणि सुटी रसायनं ताजी, थंड. मुरलेल्या लोणच्याची चव ना कैरीत असते, ना मोहरीत. दहांपैकी दोन रसायनांनी उबेत मिळून अकरावंच काही घडवलं असेल! मी एका दमात लिहिलं: तेच मिश्रण पुन्हा कर. अर्धं थंड ठेव, अर्धं दोन दिवस उबेत. उबेतलंच लागू पडलं, तर त्यात नवं काय तयार झालं ते शोध.

मग शंका आली. मी चुकलो, तर तिचे उरलेले दिवस वाया. मी पुन्हा पेन उचललं.

"लिहा ना कदाचित," माणिकबाई म्हणाली, "पण एकदाच लिहा. नाही तं पोरगी म्हातारी होईन."

एकदाच लिहिलं. पंजाबरावांनी टेम्पो चालू केलाच होता. स्पीड पोस्टची खिडकी बंद होण्याआधी मी पाकीट आत सरकवलं, आणि त्यावर शिक्का पडला.